चहाचा पेला आणि बसण्याचे भाडे

मुंबईतील एखाद्या जुन्या इराण्याकडे वीस-वीस वर्षे सकाळचा चहा घेत आलेल्या गिऱ्हाइकाला, गल्ल्यावरच्या मालकाने आपले कधी हसतमुखाने स्वागत केल्याचे आठवेलच असे नाही. मालक नाण्यांच्या चवडी लावण्यात गढलेला असे. वेटर ओल्या फडक्याने संगमरवरी टेबल पुसून, एक शब्दही न बोलता, पाण्याचा पेला आदळून जाई. भिंतीवरच्या आरशालगत, येथे काय काय करू नये याची भलीमोठी यादी टांगलेली असे. इंग्रजीतून लिहिणारे मुंबईचे कवी निसीम एझिकेल यांना अशा सूचनांतूनच एक अख्खी कविता सापडली. आदरातिथ्याच्या आजच्या कोणत्याही कसोटीला ही सेवा उतरली नसती. आणि तरीही तेच गिऱ्हाईक त्या दुकानाचा उल्लेख 'आमचा इराणी' असा करी.

आज त्याच रस्त्यावर काचेच्या दाराचे कॉफीचे दुकान असते. तेथील गणवेशातील तरुण गिऱ्हाइकाचे नाव विचारून घेतो, ते कपावर लिहितो, आणि कॉफी तयार होताच नावाने हाक मारतो. आवाज मृदू, हवा थंड, खुर्ची मऊ. एवढे सगळे असूनही त्या दुकानाला 'आमचे' म्हणणारा माणूस भेटणे कठीण. या फरकाची मीमांसा बहुधा एका सुस्काऱ्यात संपते. जुनी माणुसकी राहिली नाही, असे म्हणून मंडळी मोकळी होतात. परंतु सुस्कारा म्हणजे स्पष्टीकरण नव्हे. चहाच्या दुकानात विकला जाणारा खरा माल चहा हा नसतोच. तेथे विकली जाते ती खुर्ची, आणि त्या खुर्चीवरचा अर्धा-पाऊण तास. मुंबईसारख्या शहरात जागा आणि वेळ या दोन्ही वस्तू महाग आहेत. मग चाळीस-पन्नास वर्षे त्या इतक्या स्वस्तात कशा मिळाल्या? गिऱ्हाइकाने जी किंमत मोजली नाही, ती कोणी तरी मोजलीच असणार. ती कोणी मोजली, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही.

कोपऱ्यावरचे दुकान

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभी इराणातील यझ्द, केरमान या भागांतून आलेल्या निर्वासितांनी आणि पोटार्थी तरुणांनी मुंबईत चहाची दुकाने थाटली. धोबीतलावची क्यानी १९०४ ची, ग्रँट रोड स्थानकासमोरची बी. मेरवान १९१४ ची. नाक्यावरची कोपऱ्याची जागा हिंदू दुकानदार अशुभ मानीत, म्हणून ती इराण्यांच्या वाट्याला आली, असे सांगितले जाते. कारण काहीही असो, दोन रस्त्यांवर उघडणारे दुकान, दोन्ही बाजूंनी येणारा उजेड आणि वारा, आणि चहा पिता पिता अवघा नाका न्याहाळण्याची सोय, हे त्या कोपऱ्याचे देणे होते. आत काळ्या लाकडाच्या वाकवलेल्या पाठीच्या खुर्च्या, गोल टेबले, काचेच्या बरण्यांत बिस्किटे. पुष्कळ ठिकाणी खारी, नानकटाई, मावा केक यांनी भरलेली बशीच टेबलावर ठेवून देत. गिऱ्हाइकाने हवे ते खावे, आणि उरलेले मोजून वेटरने गल्ल्याकडे रकमेची आरोळी ठोकावी. कागदाचा चिटोरा नाही, की सहीची भानगड नाही. व्यवहार सगळा विश्वासाचा, आणि तो विश्वास चेहऱ्याच्या ओळखीवर उभा. वेटर आणि गिऱ्हाईक दोघेही वर्षानुवर्षे तेच असल्याखेरीज ही पद्धत एक आठवडाही चालली नसती.

या बसण्याची मुंबईकराला गरज का होती, हेही पाहिले पाहिजे. गिरगावच्या चाळीतील दहा बाय बाराच्या खोलीत सात-आठ माणसे. परळ-लालबागच्या गाळ्यांत त्याहून दाटी; तेथे कोकणातून आणि घाटावरून आलेले गिरणी कामगार पाळीपाळीने एकाच वळकटीवर झोपत. पहिल्या पाळीचा माणूस परतला की तिसऱ्या पाळीच्या माणसाने उठायचे. अशा माणसाला दिवाणखाना नव्हता, ओसरी नव्हती, पाहुण्याला बसवायला जागा नव्हती. नाक्यावरचा इराणी हाच त्याचा दिवाणखाना. तेथे एकाचे वर्तमानपत्र चौघे वाचीत, गावाकडचे पत्र कोणाकडून तरी वाचून घेतले जाई, लग्नाची बोलणी होत, युनियनची सभा ठरे. आणखी एक गोष्ट तेथे घडे, जिचे मोल आज लक्षात येत नाही. ज्या काळात ब्राह्मणी भोजनगृहे आपल्या पाटीवर तसे मिरवीत आणि दलिताला कित्येक ठिकाणी वेगळ्या कपात चहा मिळे, त्या काळात इराण्याच्या टेबलाशी बसणाऱ्याला कोणी जात विचारीत नसे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१२ पासून पुढची जवळजवळ बावीस वर्षे परळच्या बी.आय.टी. चाळीत राहत होते. त्याच वस्तीतील कष्टकऱ्यांना, कोणाच्या शेजारी बसलो आहोत याची फिकीर न करता चहा पिता येण्याची ही दुर्मिळ जागा होती. इराण्याला समाजसुधारणा करायची होती असे मुळीच नाही. त्याला धंदा करायचा होता. परंतु धंद्याच्या रुक्षपणातूनही कधी कधी समता निपजते, हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने ध्यानात ठेवावे.

तीन खाती

आता हिशेबाकडे वळू. पहिले खाते घरमालकाचे. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने 'प्रमाण भाडे' ठरवताना १ सप्टेंबर १९४० चे भाडे आधाराला धरले. युद्धोत्तर टंचाईत भाडेकरूला नाडले जाऊ नये हा त्यामागील हेतू रास्तच होता. परंतु तात्पुरता म्हणून आलेला कायदा पुन्हा पुन्हा मुदत वाढवीत पुढे अर्धे शतक टिकला. साखर, दूध, लाकूड, कोळसा, सगळ्यांचे भाव चढत गेले. खुर्चीखालच्या फरशीचे भाडे मात्र १९४० मध्येच गोठून राहिले. ज्या दुकानाला जागेचे भाडे जवळजवळ नाहीच, त्याला एका चहावर तासभर बसलेला माणूस जड होत नाही. फलकावर काहीही लिहिलेले असो, इराणी त्याला उठवीत नसे याचे मुख्य कारण त्याच्या स्वभावात नसून त्याच्या भाडेपावतीत होते. त्या उदारपणाची किंमत घरमालक चुकती करीत होता. आणि घरमालकही काही दानशूर नव्हता. उत्पन्न मिळेना म्हणून त्याने इमारतीची डागडुजी थांबवली. गिरगाव-लालबागच्या गळक्या छपरांत, टेकू दिलेल्या जिन्यांत ती किंमत दिसून येते. म्हणजे शेवटी वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडांनीही तळमजल्यावरच्या चहाचा वाटा उचलला.

दुसरे खाते त्याहून क्लेशदायक आहे. टेबल पुसणारा, पेले विसळणारा, आसपासच्या कचेऱ्यांत चहा पोचवणारा 'बाहेरवाला', हा कोण होता? पुष्कळदा तो दहा-बारा वर्षांचा पोर होता. इराण्यांकडेच नव्हे, उडुपी, मराठी, गुजराती, सगळ्याच उपाहारगृहांत तो होता. रात्री खुर्च्या टेबलांवर चढवल्या की त्याच फरशीवर तो झोपे. जेवण आणि राहणे धरून मिळणारा पगार हा पगार म्हणण्याच्या लायकीचा नसे. त्याला सगळे 'पोऱ्या' म्हणत. नाव विचारण्याची कोणाला गरज वाटत नसे. 'आमचा इराणी' म्हणणाऱ्या सुशिक्षित गिऱ्हाइकाला वेटरच्या कपाळावरची आठी आठवते, परंतु त्या मुलाची शाळा कोठे गेली हे आठवत नाही. उपाहारगृहांत आणि चहाच्या टपऱ्यांवर बालकांना कामास ठेवण्यावर केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २००६ पासून बंदी घातली. ही बंदी सर्वत्र पाळली गेली असे म्हणणे धाडसाचे होईल. परंतु स्वस्त चहाचा हा आधार काढून घेतला जाणे आवश्यकच होते, आणि त्याबद्दल हळहळण्याचे कारण नाही.

तिसरे खाते मालकाच्या कुटुंबाचे. पहाटे पावाची भट्टी पेटल्यापासून रात्री फळ्या लागेपर्यंत बाप, काका, थोरला भाऊ यांपैकी कोणी तरी गल्ल्यावर असायचाच. त्या चौदा-सोळा तासांची मजुरी कोणत्याही वहीत लिहिली गेली नाही. पुढच्या पिढीने महाविद्यालयात जाऊन तो हिशेब मांडला आणि गल्ल्यावर बसण्यास नकार दिला, तर तिला दोष देता येत नाही. पुष्कळशी दुकाने तोट्यात गेल्याने बंद पडली नाहीत. त्यांना वारस मिळाला नाही म्हणून बंद पडली. क्यानीसमोरचे बस्तानी गेले, आणि त्याच्यासारखी कितीतरी गेली. काहींच्या जागी बिअर बार आले, काहींच्या जागी औषधांची दुकाने आणि बँका आल्या.

खाणावळवालीची उधारी

गिरणगावात सेवेचा आणखी एक प्रकार होता, आणि तो या तिन्ही खात्यांहून निराळा. एकट्या राहणाऱ्या कामगारांना महिन्याच्या बोलीवर जेवू घालणाऱ्या खाणावळी बहुतांशी बायका चालवीत. कामगाराचे पैसे पगारानंतर यायचे, आणि वाण्याकडचे धान्य मात्र आधी आणायचे. त्यामुळे ही बाई वाण्याची आणि सावकाराची कायमची ऋणको असे. १९७३-७४ च्या ४२ दिवसांच्या गिरणी संपात याच बायकांनी उधारीवर कामगारांना जगवले. या उधारीचे अर्थशास्त्र ज्यांना प्रथम दिसले त्या प्रेमा पुरव. गोवा मुक्तिलढ्यातून आलेल्या या कार्यकर्तीने १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना केली आणि खाणावळवाल्या बायकांना, त्यांच्या एकमेकींच्या हमीवर, राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळवून दिले. सेवा देणारीच्या डोक्यावरचे व्याज उतरले तरच सेवा टिकते, एवढी साधी गोष्ट त्यामागे होती. पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपाने सुमारे अडीच लाख कामगार रस्त्यावर आले. तो संप रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही. गिऱ्हाईकच गावी परतले म्हटल्यावर खाणावळीही गेल्या आणि तीन पाळ्यांच्या भोंग्यांवर चालणारी नाक्यावरची चहाची दुकानेही ओस पडली. वातावरण म्हणून ज्याची आठवण काढली जाते ते त्या भोंग्यांनी निर्माण केलेले होते. पाळी सुटली की गर्दी, पाळी भरली की निवांतपणा.

दादर-गिरगावच्या मराठी उपाहारगृहांनी दुसरी वाट धरली. दादर स्थानकासमोरचे मामा काणे १९१० चे. 'स्वच्छ उपाहारगृह' असे नावातच लिहिणाऱ्या या मंडळींचा भर बसण्यावर कधीच नव्हता. स्वच्छता, ठरलेली चव, आणि झटपट उरकणारे टेबल, हे त्यांचे भांडवल. शिवसेना भवनासमोरच्या आस्वादमध्ये शनिवार-रविवारी वहीत नाव नोंदवून पदपथावर ताटकळावे लागते. लांबच्या माणसाने त्या मिसळीची कीर्ती ऐकलेली असते. २०१५ साली लंडनच्या एका स्पर्धेत तिला जगातील सर्वोत्तम शाकाहारी पदार्थाचा मान मिळाला होता. आत शिरल्यावर अनोळखी माणसांच्या शेजारी बसावे लागते. थालीपीठ संपवून पीयूषचा पेला हातात घेतला की पाठीमागे उभ्या असलेल्या कुटुंबाची नजर मानेला जाणवते. येथे कोणी उठा म्हणत नाही, परंतु बसवतही नाही. कमी दरात उत्तम अन्न देऊन जागेचा खर्च भागवायचा असेल तर एकाच खुर्चीवर दिवसातून वीस माणसे बसवावी लागतात. माटुंग्याच्या उडुपी भोजनगृहांचा हिशेब याहून वेगळा नाही. या ठिकाणी वेटर बहुधा सौजन्यशील असतात, कामात चोख असतात. केवळ गप्पांना तेथे मज्जाव आहे, आणि तो पाटीवर लिहिण्याचीही गरज नाही.

रोख किंमत

साखळी पद्धतीच्या कॉफीच्या दुकानांनी बसण्याची किंमत प्रथमच उघडपणे गिऱ्हाइकाकडून घेतली, हे त्यांच्या बाजूने म्हटले पाहिजे. १९९६ साली बंगळुरूत कॅफे कॉफी डे सुरू झाले, ऑक्टोबर २०१२ मध्ये हॉर्निमन सर्कलला स्टारबक्सचे भारतातील पहिले दुकान उघडले. यांना जुन्या भाड्याचा आसरा नव्हता. मार्च २००० पासून अमलात आलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने एक कोटी किंवा त्याहून अधिक भरणा झालेले भांडवल असणाऱ्या कंपन्यांना संरक्षणाबाहेर ठेवले आहे. म्हणजे छोट्या दुकानदाराचे भाडे वर्षाला चार टक्क्यांनी वाढू शकते, आणि साखळीला बाजारभाव द्यावा लागतो. कॉफीच्या दरातील मोठा हिस्सा हे ते भाडेच. एवढा दर घेऊनही हा धंदा फार नफ्याचा ठरला असे नाही. कॅफे कॉफी डेला २०१९ नंतर शेकडो दुकाने बंद करावी लागली.

आणखी एका बाबतीत या दुकानांना श्रेय द्यायलाच हवे. जुन्या इराण्याकडे बाईमाणसाने एकटे जाऊन बसणे प्रशस्त मानले जात नसे. तिच्यासाठी मागे लाकडी आडोशाची 'फॅमिली रूम' असे, आणि तेथेही तिने कोणाबरोबर तरी यावे अशी अपेक्षा असे. नाक्यावर नजर टाकीत चहा पिण्याचा, वर्तमानपत्र उलगडून बसण्याचा अधिकार पुरुषांचा होता. आज परळच्या एखाद्या कॉफीच्या दुकानात महाविद्यालयीन मुलगी एकटी, पुस्तक उघडून, दोन तास बसते आणि तिच्याकडे कोणी वळून पाहत नाही. गतकाळाच्या आठवणी लिहिणारे बहुधा पुरुष असतात, म्हणून हा मुद्दा त्यांच्याकडून सुटतो. अर्थात, त्या मुलीच्या खिशात एका कॉफीसाठी शे-दोनशे रुपये असावे लागतात. ज्या गिरणीच्या जागेवर ते दुकान उभे आहे त्या गिरणीतील कामगाराच्या नातीला ते परवडेल काय, हा प्रश्न शिल्लक राहतो. तिच्यासाठी दादर स्थानकाबाहेर वडापाव आहे, टपरीवरचा कटिंग आहे, आणि दोन्ही उभ्यानेच घ्यायचे आहेत.

बसण्याचा लाभ केवळ बसणाऱ्याला होत असता तर ज्याला परवडेल त्याने बसावे एवढे म्हणून विषय संपवता आला असता. तसे नाही. सतराव्या शतकात लंडनमधील एडवर्ड लॉइडच्या कॉफीगृहात जहाजवाले आणि सावकार बसत. त्यातून सागरी विम्याचा बाजार जन्मला. काळा घोड्याच्या वेसाइड इनमध्ये अरुण कोलटकर वर्षानुवर्षे दर गुरुवारी मित्रांसह बसत. समोरच्या चौकातून २००४ साली 'काळा घोडा पोएम्स' हे पुस्तक आले. वेसाइड इनच्या हिशेबात मात्र त्या कवितांचा एक पैसाही जमा झाला नाही, आणि ते बंद पडले. २०१४ साली, शंभरी गाठत असताना, बी. मेरवान बंद होणार अशी वार्ता पसरली तेव्हा मावा केकसाठी पहाटेपासून रांगा लागल्या. दुकान नूतनीकरणानंतर पुन्हा उघडले, ही गोष्ट वेगळी. परंतु त्या रांगेत वर्षानुवर्षे तिकडे न फिरकलेली माणसेही होती. आपण जात नाही, तरी ते असावे, अशी त्यांची इच्छा होती. अशा इच्छेची किंमत वसूल करण्याचे साधन बाजाराजवळ नाही. गल्ल्यावर पैसे पडतात ते खाल्लेल्या केकचे.

सहकाराचा मार्ग या देशात चोखाळून झालेला आहे. कॉफीचा खप वाढावा म्हणून १९३६ साली मुंबईत चर्चगेट स्ट्रीटवर सरकारी समितीने पहिले कॉफीगृह उघडले. पुढे कॉफी बोर्डाने ही कॉफीगृहे गुंडाळायला घेतली तेव्हा, १९५७ पासून, ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने कामगारांनी स्वतःच्या सहकारी संस्था काढल्या. त्यांतूनच 'इंडियन कॉफी हाऊस' केरळपासून दिल्ली-कोलकात्यापर्यंत पसरले. फेटेवाला वेटर तेथे नोकरही आहे आणि भागधारकही. पोऱ्याचे खाते सहकाराने असे फेडले. घरमालकाचे खाते मात्र सहकाराला फेडता येत नाही, आणि मुंबईत अडचण नेमकी त्याच खात्याची आहे.

गिरगाव, लालबाग, परळ येथील उपकरप्राप्त इमारती आता एकामागून एक पाडल्या जात आहेत. पुनर्विकासाच्या नियमांनुसार दुकानदाराला पूर्वी होते तेवढे क्षेत्रफळ नव्या इमारतीत मिळते. नियमात चौरस फूट आहेत. कोपरा नाही, दोन रस्त्यांवर उघडणारी दारे नाहीत, उंच छत नाही. नव्या मनोऱ्याच्या तळाशी वाहनतळाची वाट, मागच्या अंगाला दुकानांची ओळ, आणि जुन्या भाड्याच्या कितीतरी पट देखभाल खर्च. त्यात एका चहावर तासभर बसणारा माणूस कोठे बसवायचा? रहिवाशांच्या सभेत, आणि त्या सभा प्रस्तुत प्रश्नाचा विचार करता उद्बोधक असतात, चटई क्षेत्र, तात्पुरत्या भाड्याची रक्कम, गाडी ठेवण्याची जागा यांवर तासन्‌तास वाद झडतात. तळमजल्यावरचा चहावाला करारनाम्याच्या परिशिष्टात एका ओळीत येतो. अनिवासी, गाळा क्रमांक अमुक, क्षेत्रफळ तमुक. सभा संपली की मंडळी, अजून आहे तोवर, त्याच्याचकडे चहाला जातात आणि उरलेला वाद तेथे पुरा करतात.